हुंकार दे, नाही तं गोष्ट थांबते

मे महिन्यात आमची नागपूरची गच्ची दिवसभर ४५ अंशांत भाजून निघायची. संध्याकाळी तिच्यावर बादल्या ओतायच्या, गाद्या टाकायच्या, आणि मग आजीची गोष्ट. अट एकच, हुंकार द्यायचा. दोन-तीन वाक्यं झाली आणि कुणाचाच ‘हं’ आला नाही, की आजी थांबायची. ‘‘काऊन रे, झोपला का? हुंकार दे, नाही तं का भिंतीले सांगू?’’

पोरं जागी आहेत का हे पाहायची तिची युक्ती, असं तेव्हा वाटायचं. पुढे एका प्रयोगाविषयी वाचलं आणि कळलं, तो हुंकार आजीलाच लागत असणार.

कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या जॅनेट बॅव्हलास आणि सहकाऱ्यांचा हा प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. लोकांना स्वतःवर बेतलेला, थोडक्यात निभावलेला प्रसंग सांगायला लावला. समोर बसलेल्या काही श्रोत्यांना एक काम दिलं होतं: इंग्रजी ‘टी’ने सुरू होणारे शब्द टिपत राहा. म्हणजे कान उघडे, शब्द न् शब्द ऐकला जातोय, पण अर्थाकडे लक्ष नाही. सांगणाऱ्याला याचा पत्ता नव्हता. तरी त्याची गोष्ट बिघडली, आणि बिघडली ती नेमकी शेवटाला. ऐन रंगायच्या जागी लोक अडखळले, शेवट पुन्हा पुन्हा सांगू लागले, प्रसंग खरंच किती बाका होता हे पटवत बसले. कारण योग्य जागी येणारं ‘अगं बाई!’, आक्रसलेला चेहरा, हे या श्रोत्यांकडून जवळजवळ नाहीसंच झालं होतं.

डोक्याच्या आतलं चित्रही असंच जोडीचं आहे. प्रिन्स्टन विद्यापीठात उरी हॅसन यांच्या चमूने २०१० साली गोष्ट सांगणारी व्यक्ती आणि ऐकणारे यांच्या मेंदूंची एफएमआरआय, म्हणजे मेंदूचा कुठला भाग कधी कामाला लागतो ते दाखवणारी तपासणी, केली. ऐकणाऱ्यांच्या मेंदूतल्या हालचाली सांगणारीच्या मेंदूमागोमाग, थोड्या उशिराने तशाच उमटत होत्या. न समजणाऱ्या रशियन भाषेत गोष्ट ऐकवली तेव्हा हा मेळ गेला. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच: काही भागांत श्रोत्याचा मेंदू सांगणारीच्या पुढे धावत होता, आणि ज्याचा जास्त पुढे, त्याला गोष्ट जास्त समजलेली. ‘आटपाट नगर होतं’ म्हटलं की पोरांच्या डोळ्यांत पुढचा राजा दिसू लागतो, तो हाच मेंदू असावा.

आणि आजारपणात? ब्राझीलमध्ये अतिदक्षता विभागातल्या ८१ मुलांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये आला. काहींना अर्धा तासभर गोष्ट सांगितली, काहींना तेवढाच वेळ कोडी घातली. आधी आणि नंतर लाळेचे नमुने घेतले. ताणाशी निगडित कॉर्टिसॉल दोन्ही गटांत घटलं, आपुलकीशी जोडलं जाणारं ऑक्सिटोसिन वाढलं. पण गोष्टवाल्या मुलांत हे बदल बरेच मोठे होते आणि दुखणंही जास्त कमी झालं होतं. हा एका बैठकीचा, लगेच मोजलेला परिणाम. गोष्टीने आजार बरा होतो असं कुणी म्हटलेलं नाही, आणि म्हणूही नये. तरी सुई टोचलेल्या पोराचं थोडा वेळ कमी दुखणं माझ्या लेखी फार मोठं आहे.

माझा भाचा डेंग्यूने धंतोलीतल्या एका दवाखान्यात होता, तेव्हा त्याचा तान्हा पोळा, पोरांचा लाकडी बैलांचा सण, हुकला. मी मोबाइलवरून गोष्ट वाचायला घेतली. माझे डोळे स्क्रीनवर, त्याचे सलाईनच्या थेंबांवर. हुंकार नाही. चार ओळींत मी मोबाइल खिशात टाकला, त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्याच लाकडी बैलाला नाग नदीच्या पुलावरून एकटं पोळ्याला धाडलं. ‘‘चालता चालता चाक निखळलं...’’

‘‘चाक नाही मामा, शिंग तुटलं होतं.’’

मी शिंग तोडलं. मग बैलाला कोण भेटलं, हे मी त्यालाच विचारलं आणि थांबलो. बराच वेळ. कुत्रा, म्हणाला, लंगडा. सलाईन बदलायला सिस्टर आल्या, तर त्यांना हाताने थोपवून म्हणतो, ‘‘थांबा ना, बैल अजून पुलावरच आहे.’’