मर्यादित हालचालीचे जहाज

हाती घेतलेल्या कामामुळे ज्या जहाजाला नियमांप्रमाणे वळून दुसऱ्याची वाट सोडता येत नाही, ते मर्यादित हालचालीचे जहाज. समुद्रावरील टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत (लागू १५ जुलै १९७७) नियम ३ मध्ये ही व्याख्या आहे. केबल वा पाइपलाइन टाकणे, बोया बसवणे, गाळ उपसणे, सर्वेक्षण, चालत्या जहाजावरून इंधन वा माल देणे, विमाने उडवणे-उतरवणे, पाणसुरुंग काढणे ही त्यातली नेहमीची कामे. ओढकाम करणारा प्रत्येक टग यात येत नाही. ओढलेल्या वस्तूसह मार्ग बदलणे फारच अवघड असेल तरच येतो. इंजिन किंवा सुकाणू बिघडलेले जहाज निराळे, ते ‘ताबा सुटलेले’. इथे यंत्रे धडधाकट असतात, जहाजाला जखडते ते काम.

रात्रीची खूण म्हणजे एकाखाली एक तीन दिवे: लाल, पांढरा, लाल, चहूबाजूंनी दिसणारे. वीस मीटर वा त्याहून लांब जहाजावर दिव्यांमध्ये किमान २ मीटर अंतर लागते. दिवसा त्याच क्रमाने काळा गोळा, पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार, पुन्हा गोळा. गोळ्याचा व्यास किमान ०.६ मीटर, दोन आकारांमध्ये किमान दीड मीटर. मधला पांढरा दिवा गेला की उरलेले दोन लाल दिवे ‘ताबा सुटलेला’ असे सांगतात, म्हणून त्या दिव्यावर लक्ष हवेच. पाणी कापत पुढे जात असेल तर डोलकाठीचे, बाजूंचे आणि मागचे दिवेही लागतात. नुसते तरंगत असेल तर हे दिवे नसतात, त्यामुळे जहाजाचे तोंड कुठे आहे ते दुरून कळत नाही.

गाळ उपसणारे जहाज आणखी एक मोलाची गोष्ट सांगते: कुठल्या बाजूने जायचे. अडथळ्याच्या बाजूला दोन लाल दिवे किंवा दोन गोळे. मोकळ्या बाजूला दोन हिरवे दिवे किंवा दोन चौकट. नांगरलेले असताना नांगराच्या दिव्यांऐवजी हेच दिसतात. पाणबुडे उतरवणाऱ्या लहान नौकेला इतके दिवे-आकार लावणे जमत नसेल, तर रात्री लाल-पांढरा-लाल दिवे पुरतात आणि जहाजांच्या आंतरराष्ट्रीय संकेतसंहितेतील ‘ए’ ध्वजाची किमान १ मीटर उंचीची ताठ प्रतिकृती लावावी लागते. पाणसुरुंग काढणाऱ्या जहाजाचे तीन हिरवे दिवे वा तीन गोळे दिसले, तर १००० मीटरच्या आत जाणे धोक्याचे.

नियम १८ प्रमाणे यांत्रिक, शिडाच्या आणि मासेमारी करणाऱ्या जहाजांनी मर्यादित हालचालीच्या जहाजाला वाट सोडायची. पण हा हक्क सरसकट नाही. मागून येऊन पुढे काढणाऱ्याने, तो कोणीही असो, नियम १३ प्रमाणे स्वतःच बाजूला राहायचे. मर्यादित हालचालीची दोन जहाजे समोरासमोर आली तर नियम त्यांच्यात अग्रक्रम ठरवत नाही; रेडिओवर लवकर बोलून घेणेच शहाणपणाचे.

धुक्यात जहाजे एकमेकांना दिसत नाहीत, आणि नियम १८ नजरेतल्या जहाजांपुरताच आहे. तिथे भोंगा: एक लांब (४ ते ६ सेकंद), दोन आखूड, जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतराने. हाच भोंगा शिडाचे, मासेमारीचे, ओढणारे आणि ताबा सुटलेले जहाजही वाजवते. म्हणून केवळ आवाजावरून समोर काय आहे ते ठरवू नये.

काम संपताच खुणा लगेच उतरवाव्यात. रिकाम्या हाताने परतणाऱ्या जहाजावर त्या तशाच राहिल्या, तर इतर जहाजे विनाकारण वळसा घेतात आणि पुढे खऱ्या कामाच्या खुणांवरचाही भरवसा कमी होतो.