सोळा-सतराव्या वर्षी सोपवलेली लहान मुलं

1 जानेवारी 1816 रोजी स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्क इथे रॉबर्ट ओवेनने आपल्या सूतगिरणीतल्या कामगारांच्या मुलांसाठी शाळा उघडली. नुकतंच पाऊल टाकायला लागलेलं मूलही तिथे घेतलं जाई. या सगळ्यात लहान वर्गासाठी ओवेनने दोघांना निवडलं. एक होता जेम्स बुकानन नावाचा विणकर, दुसरी मॉली यंग नावाची सतरा वर्षांची मुलगी. मुलांची ओढ आणि अपार सहनशीलता एवढंच त्याने पाहिलं. मग सूचना दिल्या: कोणालाही मारायचं नाही, धमकवायचं नाही, अपशब्द वापरायचा नाही, बोलताना चेहरा प्रसन्न ठेवायचा. मॉलीचं प्रशिक्षण तेवढ्यावर संपलं आणि ती वर्गात उभी राहिली.

माध्यमिक शाळेतल्या मुलामुलींना बालशिक्षणाचं व्यवसाय-प्रशिक्षण द्यावं का, हा वाद आज पुन्हा निघतो तेव्हा मला मॉली आठवते. या वयातल्या मुली लहान मुलांना सांभाळत नव्हत्या, असा काळच नव्हता. त्यांना ते शिकवायचं की नाही, आणि शिकवायचं तर घरासाठी की व्यवसायासाठी, यावर मात्र दोनशे वर्षं झगडा चालला आहे.

मॉलीच्याही आधी, फ्रान्समधल्या वोज डोंगराळ भागात, पाद्री ओबरलिन यांच्या परगण्यात गावोगावच्या खोल्यांतून लहान मुलं जमवली जात. त्यांना विणकाम, गाणी, आसपासच्या झाडाझुडपांची नावं शिकवली जात. त्यातली लुईझ शेप्लर 1763 मध्ये जन्मलेली आणि वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास या कामाला लागलेली. पुढचं सगळं आयुष्य तिने त्यातच घातलं. तिलाही कोणी प्रमाणपत्र दिलं नव्हतं.

हे काम शिकावं लागतं, नुसत्या मायेने भागत नाही, हे ठासून सांगितलं फ्रेडरिक फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने. 1837 मध्ये जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्गला त्याने आपली संस्था काढली, 1840 मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं आणि आयुष्याच्या अखेरीस तरुण मुलींना प्रशिक्षण देण्याला सगळा जीव लावला. गाणं, खेळ, बागकाम, ठोकळे या प्रत्येकामागे विचार होता आणि तो विचार शिक्षिकेला माहीत हवा, हा त्याचा आग्रह. 1851 मध्ये प्रशिया सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली, ती 1860 पर्यंत टिकली. तोवर त्याच्या शिष्या इतर देशांत पोहोचल्या होत्या आणि जिथे गेल्या तिथे त्यांनी आधी मुलांचा वर्ग आणि लगेच मुलींचा प्रशिक्षण वर्ग उभा केला.

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात सुझन ब्लोने 1873 मध्ये सार्वजनिक शाळेत किंडरगार्टन सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी प्रशिक्षणाचा वर्ग काढला. शिकाऊ मुली किंडरगार्टनमध्ये विनावेतन मदतनीस म्हणून काम करत आणि उरलेल्या वेळात सिद्धान्त शिकत. मुलांमध्ये राहून शिकण्याची ही रीत उत्तमच. पण शहराला किंडरगार्टन परवडलं ते या फुकटच्या हातांमुळे, हेही खरं. शिकणाऱ्या मुलीचं काम आणि स्वस्त मजूर यांच्यातली रेघ तेव्हापासून पुसट आहे. या क्षेत्रातल्या तुटपुंज्या पगाराचं एक मूळ मला इथे दिसतं.

माध्यमिक शाळेत हा विषय शिरला तो मात्र बालशिक्षणाच्या दाराने नव्हे, स्वयंपाकघराच्या दाराने. 1917 च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने अमेरिकेत चौदा वर्षांवरील विद्यार्थ्यांच्या व्यवसाय-शिक्षणाला केंद्रीय पैसा मिळू लागला. शेती आणि कारागिरीच्या जोडीला त्यात गृहशास्त्र होतं. मुलगे धंदा शिकणार आणि मुली संसार, अशी ती वाटणी. बालसंगोपन हा गृहशास्त्रातला एक धडा होता: बाळाला आंघोळ कशी घालायची, कपडे कसे शिवायचे, आजारपणात काय करायचं. त्यातून कोणी नोकरी करील ही अपेक्षाच नव्हती.

तरी त्याच गृहशास्त्राने एक मोलाची गोष्ट दिली, ती म्हणजे प्रयोगशाळा म्हणून शिशुशाळा. डेट्रॉईटच्या मेरिल-पामर संस्थेने 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या शिशुशाळेत विद्यार्थिनींना मुलांचं निरीक्षण करायला बसवलं. मूल रडतं तेव्हा नेमकं काय झालं होतं, कोण कोणाशेजारी बसतं, ठोकळे पडल्यावर काय करतं, हे पाहून लिहून ठेवायचं. पुढे माध्यमिक शाळांनीही हा नमुना उचलला. शाळेच्याच आवारात तीन-चार वर्षांच्या मुलांचा वर्ग, आणि त्यात थोरले विद्यार्थी.

याच काळातली दुसरी वाट मात्र वाचताना अंगावर काटा येतो. कॉर्नेल विद्यापीठात गृहशास्त्राच्या विद्यार्थिनी सरावासाठी एका घरात राहत. 1920 पासून तिथे अनाथालयातून तान्ही बाळं आणली जाऊ लागली. मुली आळीपाळीने आई होत आणि अभ्यासक्रम संपला की बाळ परत जाई. इतर महाविद्यालयांनीही हे केलं. बाळांची काळजी काटेकोर घेतली जात असेल, पण ज्या वयात एका माणसाचा चेहरा ओळखीचा व्हायचा त्याच वयात चेहरे वेळापत्रकाप्रमाणे बदलत होते. शिकणाऱ्याच्या सोयीसाठी मूल वापरायचं नाही, हा धडा या क्षेत्राने अशी चूक करून घेतला. आजच्या अभ्यासक्रमांत विद्यार्थी येतात-जातात, पण मुलांची नेहमीची शिक्षिका जागेवर असते.

दुसऱ्या महायुद्धाने चित्र हलवलं. माता कारखान्यांत गेल्या, पाळणाघरं भराभर निघाली आणि शिकलेले हात कमी पडू लागले. ब्रिटनमध्ये 1945 मध्ये नर्सरी नर्सेसचं, म्हणजे लहान मुलांना सांभाळणाऱ्या प्रशिक्षित मुलींचं, राष्ट्रीय परीक्षा मंडळ उभं राहिलं. शाळा सोडलेल्या तरुण मुलींना दोन वर्षांत काही दिवस वर्गात आणि काही दिवस पाळणाघरात शिकवून परीक्षा घ्यायची, ही त्याची पद्धत पुढे कित्येक दशकं चालली. इथे संसाराची तयारी असं कोणी म्हणत नव्हतं. हातात पात्रता होती आणि तिच्यावर नोकरी मिळत होती.

अमेरिकेला हे वळण घ्यायला 1963 उजाडावं लागलं. त्या वर्षीच्या व्यवसाय-शिक्षण कायद्याने गृहशास्त्राला मिळकतीच्या कामाकडे वळायला लावलं आणि बालसंगोपन मदतनीस होण्याचे वर्ग माध्यमिक शाळांत निघू लागले. 1965 च्या उन्हाळ्यात हेड स्टार्ट हा सरकारी बालशिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि पहिल्याच हंगामात गरीब घरांतली पाच लाखांहून अधिक मुलं त्यात आली. एवढ्या मुलांना शिकवणारी माणसं पदव्या देऊन तयार करायला वेळच नव्हता. 1971 मध्ये मानसशास्त्रज्ञ एडवर्ड झिग्लर यांनी वेगळी कल्पना मांडली: कागदावरच्या गुणांपेक्षा मुलांसमोरचं काम पाहून पात्रता द्यावी. त्यातून ‘चाइल्ड डेव्हलपमेंट असोसिएट’ हे प्रमाणपत्र आलं, आणि पहिलं दिलं गेलं 1975 मध्ये. 120 तासांचं शिक्षण, 480 तासांचा प्रत्यक्ष अनुभव आणि कामाचं निरीक्षण, असा त्याचा आजचा साचा आहे. शाळेतल्या व्यवसाय अभ्यासक्रमात शिकणाऱ्या अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनाही ते मिळवता येतं. मॉलीच्या वयाच्या मुलीला तिच्या कामाची रीतसर ओळख मिळाली ती अशी.

मुलग्यांचा प्रश्न कायद्याने लवकर सुटला आणि व्यवहारात तसाच राहिला. अमेरिकेत 1972 च्या ‘टायटल नाइन’ या कायद्याने लिंगावरून विषय वाटणं बेकायदा ठरवलं. पण बालशिक्षणाच्या वर्गात मुलगा दिसणं अजूनही विरळाच आहे. वर्षानुवर्षं ज्या विषयाला ‘मुलींचा’ म्हटलं, त्याच्या दाराची पाटी काढली म्हणून मुलगे आत येत नाहीत.

इंग्लंडने सप्टेंबर 2020 मध्ये सोळा वर्षांनंतरचे ‘टी लेव्हल’ हे व्यवसाय-शिक्षणाचे अभ्यासक्रम आणले, आणि पहिल्या तीनांत बालसंगोपनाचा होता. बहुतेक टी लेव्हलना 315 तासांचं प्रत्यक्ष काम पुरतं. लहान मुलांचा शिक्षक व्हायचं असेल तर मात्र 750 तास द्यावे लागतात, म्हणजे दुपटीहून जास्त. जेवताना सांडलेलं पुसणं, झोपेआधीची कुरकुर, आई निघाल्यावरची पहिली दहा मिनिटं, ही सगळी त्या तासांत येतात. मॉली यंगला ती कोणी न सांगता शिकावी लागली होती.