कोच बदलला, पण गोल कोण मारणार?

१४ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री भुसावळच्या रेल्वे कॉलनीजवळच्या चहाच्या टपरीवर आम्ही सात-आठ जण एका मोबाइलभोवती उभे होतो. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला. मडगावला भारत विरुद्ध सिंगापूर, फुटबॉलचा सामना. चौदाव्या मिनिटाला आपल्या छांगतेने गोल केला आणि टपरीवाल्या भाऊंनी सगळ्यांना कटिंग फिरवली, पैसे घेतले नाहीत. मध्यंतराच्या जरा आधी बरोबरी झाली. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला दुसरा गोल खाल्ला. १-२. २०२७ च्या आशिया चषकाची वाट तिथेच बंद झाली.

फोन खिशात जायच्या आत पहिलं वाक्य आलं, "कोच हाकला भो याला." दुसरं, "त्याला बसवला कशाला आणि याला उतरवला कशाला?" कोच खालिद जमील यांना तेव्हा येऊन जेमतेम अडीच महिने झाले होते. त्यांच्या आधी मानोलो मार्केझ, त्यांच्या आधी इगोर स्टिमाच, त्यांच्या आधी स्टीफन कॉन्स्टंटाइन. प्रत्येकाच्या वेळी हीच दोन वाक्यं मी याच टपरीवर ऐकली आहेत, स्वतः बोललोही आहे. हा राग खोटा नाही. पण तो आला कुठून, आणि संघनिवडीचा प्रश्न दर वेळी गोल मारणाऱ्या स्ट्रायकरपाशीच येऊन का अडकतो, ते समजायचं तर मागे जावं लागतं.

आमचे आजोबा लोको शेडला फिटर होते. रेल्वेचा पास असायचा, त्यामुळे मुंबईला रोव्हर्स कप ही फुटबॉल स्पर्धा बघायला जाणं त्यांना परवडायचं. कॉलनीत अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि गार्ड होते, संध्याकाळी रेल्वेच्या मैदानावर फुटबॉल असायचा, आणि त्या नादानेच आजोबा फुटबॉलला लागले. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स कप हैदराबाद सिटी पोलिसांनी जिंकला. त्या संघाचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शाळामास्तर. आजोबा त्यांना शेवटपर्यंत "रहीमसाहेब" म्हणत आणि तेवढं नाव घेताना आवाज खाली आणत.

रहीमसाहेबांच्या काळातल्या तारखा आमच्या घरात पाढ्यासारख्या पाठ होत्या. १९५१ ला दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत इराणला १-० हरवून सुवर्ण, गोल मेवालालचा. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकला युगोस्लाव्हियाकडून १-१० असा मार, बहुतेक पोरं अनवाणी खेळलेली. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं. त्यातले तीन गोल मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाचे, आणि ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारत चौथा आला. ऑलिंपिकमध्ये त्याच्या पुढे आपण आजवर गेलेलो नाही.

पण निवडीचा विषय निघाला की आजोबा १९५६ नाही, १९६२ सांगायचे. जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारत पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ हरला. थायलंडविरुद्ध बचावातला जर्नेलसिंग डोक्यावर आपटला आणि सहा टाके पडले. पुढचा सामना तो खेळलाच नाही. उपांत्य फेरीला दक्षिण व्हिएतनाम समोर होता. जखमी बचावपटूला कुठला शहाणा कोच उतरवतो? रहीमसाहेबांनी उतरवला, तोही सेंटर फॉरवर्ड म्हणून, म्हणजे गोल मारायला सगळ्यात पुढे. डोक्याला पट्टी बांधून. त्याने गोल केला, भारत ३-२ जिंकला. ४ सप्टेंबरला अंतिम सामना पुन्हा दक्षिण कोरियाशी. स्टेडियममध्ये लाखभर माणूस आणि सगळा भारताविरुद्ध, कारण इस्रायल आणि तैवानला स्पर्धेबाहेर ठेवल्याबद्दल आपल्या एका पदाधिकाऱ्याने जाहीर निषेध केला होता. पी. के. बॅनर्जींचा एक गोल, जर्नेलसिंगचा एक. २-१, सुवर्ण.

ही गोष्ट लहानपणी मी हिंमतीची म्हणून ऐकायचो. आता ती मला माहितीची गोष्ट वाटते. जर्नेलसिंग पुढे खेळू शकतो हे रहीमसाहेबांना ठाऊक होतं, कारण ते खेळाडूंना वर्षानुवर्षं बघत होते. हैदराबादच्या संघटनेचं सचिवपद त्यांच्याकडे १९४३ पासून होतं, पोलिसांचा संघ त्यांचा, राष्ट्रीय संघाचं शिबिर त्यांच्या नजरेखाली. कुणाला कुठे उभं करायचं हे ठरवायला त्यांना दहा दिवसांच्या शिबिराची गरज नव्हती. १९६३ च्या जूनमध्ये ते कॅन्सरने गेले.

पुढची पन्नासेक वर्षं मी भरभर सांगतो, कारण सांगण्यासारखं थोडं आहे. १९६४ च्या आशिया चषकात उपविजेतेपद, १९७० ला आशियाई स्पर्धेत कांस्य, १९८४ ला मिलोव्हान चिरिच यांच्या हाताखाली आशिया चषकाची पात्रता. मग २०११ पर्यंत त्या स्पर्धेत पायच नाही. तिथे इंग्लंडच्या बॉब हाउटन यांनी नेलं, आणि तीनही सामने हरलो. मार्च २०१५ ला फिफाच्या क्रमवारीत भारत १७३ व्या जागी होता. कॉन्स्टंटाइन यांनी तिथून संघाला पहिल्या शंभरात आणलं, तरी २०१९ च्या आशिया चषकात बहरीनविरुद्ध एक्क्याण्णवाव्या मिनिटाच्या पेनल्टीवर बाहेर पडलो आणि त्यांनी त्याच रात्री राजीनामा दिला.

या सगळ्यात एक तारीख माझी स्वतःची आहे. १ जून २०१८ ला मुंबईत अंधेरीला भारताने चायनीज तैपेईला ५-० हरवलं, सुनील छेत्रीची हॅटट्रिक, आणि बघायला माणसं किती? २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीचा व्हिडिओ आला. हात जोडून म्हणत होता, आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. आम्ही चौघं रात्रीच्या अमरावती एक्स्प्रेसला जनरलच्या डब्यात चढलो. कल्याणपर्यंत दाराजवळ बसून गेलो. ४ जूनला केनियाविरुद्ध स्टेडियम खचाखच भरलं होतं, वरून पाऊस असा की समोरचा गोलपोस्ट दिसत नव्हता. मैदानात तळी साचलेली, चेंडू मध्येच थांबायचा. छेत्रीचा शंभरावा सामना, त्याचे दोन गोल, ३-०. परतीच्या गाडीत कपडे अंगावरच वाळले.

ही तारीख या टिपणात येते ती हौसेपोटी नाही. हाक संघाने मारली आणि लोक आले. त्या दिवसानंतर चाहत्याला विचारायचा हक्क मिळाला, असं मी मानतो. पुढचा सगळा राग त्या हक्कातून आलेला आहे. आणि त्या पावसात मला जे दिसलं नाही तेही आज दिसतं, की पाचांतले तीन आणि तिनांतले दोन गोल एकाच माणसाचे होते, आणि तो तेव्हाच तेहतिशीत होता.

स्टिमाच यांच्या काळात हे झाकलं गेलं, कारण सुरुवातीला आणि मध्येच चांगले दिवस आले. २०१९ ला दोह्यात, छेत्री नसताना, कतारला ०-० वर रोखलं. २०२३ ला घरच्या मैदानांवर तीन स्पर्धा जिंकल्या आणि क्रमवारी ९९ वर गेली. मग त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वर्तमानपत्रात छापून आलं की आशिया चषकाच्या पात्रता सामन्यांआधी खेळाडूंची नावं एका ज्योतिषाला दाखवली जात होती. आमच्याकडे पत्रिका बघून लग्नं ठरतात, मुहूर्त काढून ट्रॅक्टर घरी येतो, त्यामुळे ज्योतिषाचं नाव ऐकून कुणी दचकत नाही. पण त्या बातमीने लोक दुखावले. निवड ही पोराच्या पायांवर व्हायला हवी, आणि ज्याचं नाव पत्रिकेवरून मागे पडलं असेल त्याला ते कधी कळणारही नाही, ही गोष्ट इथल्या साध्या माणसालाही लागली.

जानेवारी २०२४ च्या आशिया चषकात ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३, सीरियाकडून ०-१. तीन सामने, एकही गोल नाही. मार्चमध्ये गुवाहाटीला अफगाणिस्तानकडून १-२ हरलो. तो एक गोल छेत्रीचा, पेनल्टीवर, दीडशेव्या सामन्यात. जूनमध्ये त्याने कोलकात्यात कुवेतविरुद्ध निरोप घेतला, ०-० मध्ये. पाच दिवसांनी कतारने रेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून गोल केला, पंचांनी तो दिला, विश्वचषकाची पात्रता संपली आणि स्टिमाच यांना काढलं. २०२४ या अख्ख्या वर्षात भारताने अकरा सामने खेळले. जिंकला एकही नाही.

मार्केझ आले ते एफसी गोवा या क्लबचं काम सांभाळूनच, दोन्ही पदं एकत्र. त्यांनी काय केलं? मार्च २०२५ ला चाळिशीतल्या छेत्रीला निवृत्तीतून परत बोलावलं. लोक भडकले, आमच्या टपरीवरही भडकले. तरुणांचा रस्ता अडवताय म्हणाले. पण मार्केझ यांची बाजू मला नाकारता येत नाही. त्या हंगामात आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीग या क्लबांच्या स्पर्धेत, सर्वाधिक गोल करणारा भारतीय छेत्रीच होता, चौदा गोल. कोच यादी बनवायला बसला तर त्याने दुसरं नाव कुठून काढायचं?

इथे मूळ गाठ आहे. २०१४ ला आयएसएल सुरू झाली तेव्हा मैदानावरच्या अकरांत सहा परदेशी चालायचे. २०१७ पासून पाच, २०२१ पासून चार. क्लबचा मालक पैसा ओततो तो जिथे गोल होतात तिथे, म्हणून सेंटर फॉरवर्ड बहुतेक परदेशी. भारतीय पोरगा चपळ असला तर त्याला कडेला ढकलतात, नाहीतर मागे. मनवीर सिंग मोहन बागान या क्लबसाठी उजव्या कडेने पळतो आणि भारतासाठी मधोमध उभा राहून गोल मारायची अपेक्षा त्याच्याकडून होते. वर्षभर जे काम कुणी दिलंच नाही, ते दहा दिवसांच्या शिबिरात शिकायचं. अगदी शिबिरालाही सगळे मिळतील असं नाही. ऑगस्ट २०२५ ला जमील यांच्या पहिल्याच स्पर्धेसाठी मोहन बागानने खेळाडू सोडले नाहीत, कारण त्या तारखा फिफाने राखून ठेवलेल्या दिवसांत बसत नव्हत्या.

महाराष्ट्रात याचं एक उदाहरण डोळ्यासमोर आहे. २०१७ ला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाआधी सरकारने शाळांना फुटबॉल वाटले आणि १५ सप्टेंबरला दहा लाख मुलांना खेळवायचं ठरलं. त्या दिवशी पावसाने भिजलेल्या मैदानात पोरं चेंडूमागे घोळक्याने पळत होती, मास्तर शिट्टी वाजवून दमले होते, आणि मी कंपाउंडला टेकून आजोबांना आठवत होतो. त्या विश्वचषकात भारताच्या आघाडीला कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पुढे आयएसएलमध्ये तो बहुतेक कडेलाच खेळताना दिसला.

आमच्या गल्लीतला एक मुलगा आहे, नाव सांगत नाही. रेल्वेच्या मैदानावर तो दोन्ही पायांनी गोल मारतो. दोन वर्षांपूर्वी एका अकादमीच्या चाचणीला गेला. वडिलांनी केळीच्या गाड्या भरून दिवस काढलेले, त्यांनी उसने पैसे घेऊन बूट आणले. तिथे अर्ज भरताना त्याने जागा लिहिली 'स्ट्रायकर'. बघणाऱ्याने कागदावर नजर टाकून त्याला मागे बचावात, राइट बॅकला उभं केलं, आमच्याकडे पुढची जागा भरलेली आहे म्हणाले. दोन दिवस तो राइट बॅक खेळला. परत आल्यावर मला म्हणाला, "दादा, तिकडं माझ्याजवळ चेंडू आला तरी गोल लय लांब होता."

जमील यांच्याबद्दल माझं मत विचाराल तर, ऑगस्टच्या अखेरीस ताजिकिस्तानला हरवून आणि सप्टेंबरमध्ये ओमानला पेनल्टीवर मागे टाकून त्यांनी मध्य आशियाच्या सीएएफए स्पर्धेत तिसरा क्रमांक आणला, तो छेत्रीशिवाय. मग सिंगापूरसाठी छेत्रीला पुन्हा घेतलं. ती चूक होती असं मला वाटतं, पण का केली तेही समजतं. २०११-१२ च्या साव्हियो मेदेइरांनंतर कायम नेमलेला हा पहिला भारतीय कोच. ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला २०१७ ला आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून देणारा. त्याच्या हातातही तीच यादी आहे जी आधीच्यांच्या हातात होती. वरून फेडरेशनचा आणि लीग चालवणाऱ्या कंपनीचा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ ला संपणार होता, आणि हंगाम कधी सुरू होणार याचाच पत्ता नव्हता. लीगच नाही तर कोच बघणार कुणाला?

नोव्हेंबरमध्ये नवं नाव आलं, रायन विल्यम्स. जन्म ऑस्ट्रेलियातला, आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन घरातली, आईचे वडील पन्नासच्या दशकात मुंबईकडून संतोष ट्रॉफी ही राज्यांच्या संघांची स्पर्धा खेळलेले. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणून त्याने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडला. आमचे आजोबा असते तर त्यांनी रोव्हर्स कपच्या आठवणींत त्याच्या आईच्या वडिलांचं आडनाव शोधलं असतं. पण १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशविरुद्धचा सामना होईपर्यंत त्याला भारताकडून खेळायची परवानगी आली नाही आणि तो खेळू शकला नाही. छेत्रीही यादीत नव्हता. भारत ०-१ ने हरला, बांगलादेशकडून २००३ नंतर पहिल्यांदा. क्रमवारी १४२ वर गेली.

त्या रात्री टपरीवर फोन पुन्हा साखरेच्या डब्याला टेकवला होता. बघायला आम्ही तिघंच होतो. तिसरा तो पोरगा.