सोनोग्राफीतला खडा आणि पोटातले दुखणे

सोनोग्राफीच्या अहवालात पित्ताशयात खडे असल्याचे लिहून आले, की पोटदुखीचे कारण सापडले असे रुग्ण आणि नातेवाईक धरून चालतात. वास्तविक असे खडे असलेल्या बहुसंख्य माणसांना त्यांचा कधीच त्रास होत नाही आणि अल्सर किंवा आतड्याच्या तक्रारीने दुखणाऱ्या पोटातही ते योगायोगाने सापडतात. खडा दिसणे सोपे झाले आहे. दुखणे त्याचेच आहे का, हे ठरवण्यात डॉक्टरांचा कस लागतो.

यकृतात रोज अर्धा ते एक लिटर पित्त तयार होते आणि त्यातले काही पित्ताशयात साठून दाट होते. पित्तक्षारांना विरघळवून ठेवता येईल त्याहून अधिक कोलेस्टेरॉल त्यात आले, की स्फटिक जमू लागतात. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांत, म्हणजे विदर्भात किंवा नंदुरबारकडे ज्यांची संख्या लक्षणीय आहे अशांत, तांबड्या पेशी सतत फुटत राहिल्याने त्यांतून सुटणाऱ्या बिलिरुबिन या रंगद्रव्याचे काळे खडे लहान वयातही होतात. जेवणानंतर पित्ताशय आकुंचन पावते आणि एखादा खडा त्याच्या तोंडाशी अडकला तर उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या मध्यभागी दुखू लागते. हे दुखणे बहुधा सलग असते, उजव्या खांद्याच्या पात्याकडे जाते, पुष्कळदा रात्री झोपेतून उठवते आणि अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत टिकून ओसरते. नुसते पोट फुगणे किंवा करपट ढेकर येणे यांचा दोष खड्यांवर टाकणे बरोबर नाही. अशा रुग्णाचे पित्ताशय काढले तरी ढेकर तसेच राहतात. उलट हृदयविकाराचा झटकाही पोटाच्या वरच्या भागात दुखण्याने सुरू होऊ शकतो, म्हणून मोठ्या वयाच्या रुग्णाचा ईसीजी काढतात.

सोनोग्राफीसाठी उपाशी बोलावतात, कारण खाल्ल्यावर पित्ताशय आक्रसते आणि आत नीट दिसत नाही. पडद्यावर खडा पांढरा चमकतो व त्याच्यामागे काळी सावली पडते. रुग्णाला कुशीवर वळवले की खडा घरंगळतो, पॉलिप, म्हणजे पित्ताशयाच्या आतल्या भिंतीवर वाढलेला कोंब, मात्र भिंतीलाच चिकटून राहतो. कोलेस्टेरॉलचे पुष्कळसे खडे सीटी स्कॅनमध्ये दिसत नाहीत, त्यामुळे इथे महागडी तपासणी सरस ठरत नाही. दुखणे सहा तासांहून अधिक टिकले, ताप आला आणि उजव्या बरगडीखाली दाबून धरल्यावर रुग्णाचा श्वास वेदनेने मध्येच अडला, तर पित्ताशयाला सूज आल्याचा संशय बळावतो. खडा निसटून पित्त आतड्यात नेणाऱ्या पित्तनलिकेत अडकला, तर कावीळ होते आणि लघवी गडद होते. त्यात थंडी वाजून ताप आला तर तातडीने रुग्णालय गाठावे. नलिकेतला असा खडा एमआरसीपीने, म्हणजे पित्तनलिकांच्या एमआरआयने, शोधून ईआरसीपीद्वारे, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, काढतात.

त्रास नसेल, तर सहसा शस्त्रक्रिया करत नाहीत. त्रास असेल, तर खड्यांसकट पित्ताशयच काढतात, कारण ते आत ठेवले तर पुन्हा खडे होऊ शकतात. बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी 1882 मध्ये ही शस्त्रक्रिया प्रथम केली. दुर्बिणीतून ती जर्मनीतच एरिख म्युहे यांनी 1985 मध्ये केली आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्तन उदवाडिया यांनी 1990 मध्ये ती भारतात आणली. आज रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो, तरी तिला किरकोळ समजू नये. पित्ताशयाची नळी कापण्यापूर्वी ती मुख्य पित्तनलिका नाही, याची खात्री शल्यविशारदाला करावी लागते. सुजेमुळे तिथले सगळे एकमेकांना चिकटलेले असते आणि चुकून मुख्य नलिका कापली गेली तर दुरुस्ती फार अवघड असते.

कुळथाचे कढण मुतखड्यासाठी घरोघर सुचवले जाते. पित्ताशयातून लघवीकडे जाणारा मार्गच नसल्याने इथे ते खडा बाहेर काढू शकत नाही. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन शौचावाटे पडणाऱ्या हिरवट गोळ्या म्हणजे पोटात तेलापासून तयार झालेला साबणच असतो. अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या कोलेस्टेरॉलचे लहान खडे काही रुग्णांत विरघळवतात, मात्र त्याला महिनोन्‌महिने लागतात आणि औषध थांबवल्यावर खडे वारंवार परततात.

पित्ताशय काढल्यावर पित्त थेट आतड्यात उतरते; काहींना सुरुवातीला जुलाब होतात, बाकी पचन सहसा सुरळीत चालते. काढलेले पित्ताशय तपासणीसाठी पॅथॉलॉजीकडे पाठवतात, कारण क्वचित त्यात लपलेला कर्करोग सापडतो. गंगेच्या खोऱ्यात हा कर्करोग अधिक आढळत असल्याने तिकडे हा अहवाल विशेष काळजीने पाहिला जातो.