एनएफएलमध्ये असिस्टंट कोच व्हायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची वाट

आपल्याकडे क्रिकेट शिकवायचं तर बीसीसीआयच्या लेव्हल-१, लेव्हल-२ अशा पायऱ्या आहेत. युरोपातल्या मोठ्या फुटबॉल क्लबांत युएफाचा प्रो परवाना लागतो. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये मात्र ना परीक्षा आहे, ना परवाना. ३२ संघ आहेत आणि कोणाला घ्यायचं ते बहुतेक वेळा त्या-त्या संघाचा हेड कोच ठरवतो. नियम नाहीत म्हणजे वाट सोपी, असं समजू नका. उलट इथे तुमचं काम पाहिलेला माणूसच तुम्हाला आत नेतो.

पहिली पायरी

बहुतेकांची सुरुवात कॉलेजमध्ये ‘ग्रॅज्युएट असिस्टंट’ म्हणून होते. त्यासाठी बॅचलर पदवी आणि त्याच विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश लागतो. मोबदल्यात साधारणपणे फीमाफी आणि थोडं विद्यावेतन मिळतं. पुढे एनएफएलचे नामवंत हेड कोच झालेले अँडी रीड यांनी १९८२ मध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठात याच पदावर सुरुवात केली. एनएफएलचं दार त्यांच्यासाठी उघडलं ते १९९२ मध्ये. दहा वर्षं! हा आकडा लक्षात ठेवूनच पुढचा विचार करा. शॉन मॅकव्हे २०१७ मध्ये ३० व्या वर्षी हेड कोच झाले हे खरं, पण त्यांचे आजोबा फोर्टीनायनर्स संघाच्या व्यवस्थापनात होते. ओळखीचं बळ या क्षेत्रात असतं आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

एनएफएलमधलं सर्वात खालचं पद म्हणजे क्वालिटी कंट्रोल कोच. पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे सामने खेळीगणिक फोडायचे, म्हणजे चित्रफीत पाहून एकेका खेळीची नोंद करायची, हे त्याचं काम. तिसरा डाऊन (१० यार्ड पुढे जाण्याच्या चार संधींपैकी तिसरी), ७ यार्ड बाकी, तीन रिसीव्हर (पास झेलणारे) उजवीकडे, बचाव कव्हर-३ मध्ये (मागचं मैदान तिघांनी वाटून घेतलेलं): ही झाली एका खेळीची नोंद. एका सामन्यात अशा सव्वाशेच्या आसपास खेळ्या असतात. मग त्यातल्या निवडक खेळ्या जाड मार्करने कार्डांवर काढायच्या, म्हणजे सरावात प्रतिस्पर्ध्याची नक्कल करणाऱ्या खेळाडूंना त्या लांबूनही दिसतात. कोणी कुठे धावायचं हे दाखवणारा एक बाण चुकला तर सगळा सराव चुकीचा होतो. पुढे नामवंत हेड कोच झालेले बिल बेलिचिक यांनी १९७५ मध्ये बाल्टिमोर कोल्ट्सकडे आठवड्याला २५ डॉलरवर अशाच फिल्म फोडण्यापासून सुरुवात केली होती.

कागदपत्रं

एका पानाचा बायोडेटा, पदवी आणि गुणपत्रकं, तीन संदर्भ. संदर्भ म्हणजे शिफारसपत्रं नव्हेत, फोन उचलून तुमच्याबद्दल बोलणारे कोच. सोबत स्वतः फोडलेल्या एका सामन्याचा अहवाल जोडाच. माझ्या मते सगळ्या फाइलीत वजन याच कागदाला आहे. हायस्कूलमध्ये शिकवणार असाल तर पार्श्वभूमी तपासणी आणि डोक्याच्या दुखापतीबाबतचं प्रशिक्षण लागू शकतं. ते राज्यागणिक बदलतं, म्हणून शाळेलाच विचारा.

व्हिसा

अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्या मुलांनी हा भाग दोनदा वाचावा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, आणि हंगामात कोचिंगचे तास त्याच्या कितीतरी पुढे जातात. ‘सगळेच करतात’ म्हणून मर्यादा ओलांडू नका. त्यात व्हिसाच जातो. पद स्वीकारण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात आय-२० (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेलं प्रवेशाचं प्रमाणपत्र) घेऊन जा आणि तासांबद्दल लेखी उत्तर घ्या. शिक्षणानंतर १२ महिन्यांचं ओपीटी, म्हणजे काम करण्याची तात्पुरती परवानगी, मिळतं, पण काम तुमच्या विषयाशी थेट जोडलेलं हवं. अर्ज आय-७६५ नमुन्यात, अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी त्या कामाला विशिष्ट विषयातली पदवी अनिवार्य आहे हे दाखवावं लागतं, आणि कोचच्या पदाबाबत ते कठीण आहे.

फेलोशिप

फोर्टीनायनर्सचे तेव्हाचे हेड कोच बिल वॉल्श यांनी १९८७ मध्ये सुरू केलेली फेलोशिप अल्पसंख्याक समाजांतल्या कोचांसाठी आहे. उन्हाळी सराव शिबिरात संघासोबत काम करायला मिळतं, निवड संघच करतात. पुढे एनएफएलमध्ये हेड कोच झालेले मार्विन लुईस आणि माइक टॉमलिन याच वाटेने आले. स्त्रियांनाही आता वाट आहे: २०१६ मध्ये बफेलो बिल्सने कॅथरिन स्मिथ यांना पूर्णवेळ असिस्टंट कोच केलं, एनएफएलमधल्या त्या पहिल्या.

अर्ज कधी

साखळी सामने जानेवारीच्या सुरुवातीला संपले की हेड कोच काढले जातात आणि बहुधा त्यांच्यासोबत सगळी टीमही जाते. नवा हेड कोच आपली माणसं शोधू लागतो तो याच काळात. कॉलेज कोचांच्या संघटनेचं, एएफसीएचं, वार्षिक अधिवेशनही जानेवारीतच भरतं आणि कितीतरी नोकऱ्यांची बोलणी तिथल्या हॉटेलांच्या लॉबीत होतात. म्हणून फाइल डिसेंबरमध्येच तयार ठेवा. फोन आला तर मुलाखत दुसऱ्याच दिवशी असू शकते.