मस्तिष्क तंत्रिका

मस्तिष्क तंत्रिका : मेंदूपासून निघून कवटीच्या तळाच्या छिद्रांतून बाहेर पडणाऱ्या तंत्रिकांच्या (मज्जातंतूंच्या) जोड्या. रूढ गणनेनुसार त्या बारा असून पुढून मागे या क्रमाने त्यांना आकडे दिलेले आहेत. मेरुरज्जूच्या ३१ जोड्या एका साच्याच्या असतात, या तशा नाहीत. पहिली (गंध), दुसरी (दृक्) आणि आठवी (श्रवण व संतुलन) केवळ संवेदना आणतात. तिसरी, चौथी व सहावी डोळा फिरवतात. अकरावी मान व खांद्याचे, तर बारावी जिभेचे स्नायू चालवते. पाचवी (त्रिमूल), सातवी (आनन), नववी (जिव्हाग्रसनी) व दहावी (व्हेगस) संमिश्र आहेत. व्हेगस मानेतून छाती व पोटापर्यंत उतरते, त्यामुळे तिचा विचार डोक्यापुरता करता येत नाही.

पहिल्या दोघींना तंत्रिका म्हणणे ही परंपरेने चालत आलेली सवलत आहे. दृक् तंत्रिका हा भ्रूणावस्थेत मेंदूतूनच पुढे आलेला भाग असून तिच्यात दहा ते बारा लाख तंतू असतात. तिचे वेष्टनही मेंदूच्या जातीचे असल्याने ती एकदा तुटली की परत वाढत नाही. उलट अकराव्या तंत्रिकेची मुख्य मुळे मानेतील मेरुरज्जूतून निघतात, महारंध्रातून कवटीत वर चढतात आणि दुसऱ्या छिद्रातून पुन्हा बाहेर येतात.

गणना व क्रम : बारा हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. इ. स. दुसऱ्या शतकात ग्रीक वैद्य गेलेनने सात जोड्या मानल्या. गंध तंत्रिकेला त्याने त्यांत धरले नाही आणि त्रिमूल तंत्रिकेच्या मात्र दोन जोड्या केल्या. शारीरविद व्हेसेलियसच्या १५४३ मधील ग्रंथातही सातच जोड्या टिकून राहिल्या. इंग्रज वैद्य टॉमस विलिसने १६६४ मध्ये मेंदूच्या तळाचे नव्याने विच्छेदन मांडताना गंध तंत्रिकेला पहिला क्रमांक दिला आणि कवटीतील जोड्या नऊ केल्या. त्याच्या मांडणीत आज आपण सातवी व आठवी म्हणतो त्या एकत्र ‘सातवी’ होत्या, तर नववी, दहावी व अकरावी या तिघी मिळून ‘आठवी’. अकराव्या तंत्रिकेला त्याने ओळखले होते, पण वेगळा आकडा दिला नाही. सध्याची बाराची यादी जर्मन शारीरविद झ्योमरिंगच्या १७७८ मधील प्रबंधापासूनची. त्याने विलिसचे गठ्ठे सोडवून प्रत्येक तंत्रिकेला स्वतंत्र क्रमांक दिला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शार्क माशात आणि नंतर माणसात गंध तंत्रिकेजवळ आणखी एक बारीक जोडी आढळली. क्रम बिघडू नये म्हणून तिला ‘शून्य’ हा आकडा मिळाला. माणसात तिचे कार्य काय, यावर एकमत नाही.

झ्योमरिंगची यादी रचनेच्या दृष्टीने अधिक काटेकोर आहे, यात वाद नाही. तरीही रुग्णाजवळ उभे राहिल्यावर विलिसची जुनी जुळणी अधिक उपयोगी वाटते, कारण त्याने एका वाटेने जाणाऱ्या तंत्रिका एकत्र ठेवल्या होत्या आणि आजार बहुधा वाटेवरच गाठतो. सातवी व आठवी अंतःकर्ण नलिकेतून जोडीने जातात. कानाजवळच्या हाडाचा अस्थिभंग झाला किंवा नागीण तिथे उमटली, तर चेहरा, ऐकणे व तोल एकाच वेळी बिघडू शकतात. नागिणीचा हा प्रकार रॅमसे हंटने १९०७ मध्ये वर्णिला. नववी, दहावी व अकरावी ज्युग्युलर छिद्रातून बाहेर येतात. तिथे गाठ वाढली तर गिळताना ठसका, घोगरा आवाज आणि त्याच बाजूचा पडलेला खांदा असे त्रिकूट दिसते. हा लक्षणसमूह व्हर्नेच्या नावाने ओळखला जातो.

प्राचीन भारतीय उल्लेख : सुश्रुतसंहितेत (काळ अनिश्चित, आजची संहिता अनेक शतकांत घडली असावी) १०७ मर्मांपैकी ३७ मानेच्या वरची आहेत. कानामागे खालच्या बाजूला असलेल्या विधुर मर्माला इजा झाल्यास बहिरेपण, नाकातील फण मर्माला झाल्यास गंधाचे अज्ञान, मानेतील नीला व मन्या या मर्मांना झाल्यास मुकेपणा, स्वरविकृती व चव न कळणे असे परिणाम सांगितले आहेत. यावरून प्राचीनांना मस्तिष्क तंत्रिका ठाऊक होत्या असे काही लेखक मांडतात. संहितेत मात्र नीला व मन्या यांना धमन्या म्हटले आहे. त्यामुळे हे तंत्रिकांचे वर्णन नसून जखमी माणसांच्या बारीक निरीक्षणाची नोंद आहे, हे मत अधिक सयुक्तिक दिसते. तोंड वाकडे होण्याला सुश्रुत व चरक या दोन्ही संहिता अर्दित म्हणतात. सुश्रुत तो विकार चेहऱ्यापुरता मानतो, तर चरक अर्ध्या शरीरासह किंवा केवळ अर्ध्या मुखाचा. आजच्या भाषेत चरकाच्या व्याख्येत मेंदूतील पक्षाघात आणि आनन तंत्रिकेचा विकार असे दोन्ही येतात. त्यांतला भेद पुढे दिला आहे.

इजेचे परिणाम : डोक्याला मार लागल्यावर गंध तंत्रिकेचे धागे नाकाच्या छतावरील चाळणीसारख्या हाडाजवळ तुटतात. हेल्मेट न घालता दुचाकीवरून पडलेला माणूस बरा होऊन घरी जातो आणि पंधरवड्याने कुरकुर करतो की जेवण पांचट लागते. मटणाच्या तांबड्या रश्श्याचा जाळ त्याला पूर्वीइतकाच जाणवतो, खारट-आंबटही कळते, पण मसाल्याचा स्वाद हरवलेला असतो. तिखटपणा ही मुळात चव नव्हे. मिरचीतील कॅप्सेसिन त्रिमूल तंत्रिकेच्या वेदना व उष्णता जाणणाऱ्या टोकांना चेतवते. खरी चव जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागातून आनन तंत्रिका नेते आणि मागच्या भागातून जिव्हाग्रसनी. कांदा-लसूण चटणीसाठी मिरच्या भाजताना गल्लीभर उठणारा ठसकाही वास गेलेल्या माणसाला चुकत नाही. म्हणूनच वासाची तपासणी कॉफी किंवा साबणाने करतात, अमोनियासारख्या झोंबणाऱ्या पदार्थाने नाही.

तिसरी तंत्रिका बंद पडली की पापणी मिटते आणि डोळा बाहेर व खाली वळतो. इथे बाहुली पाहणे निर्णायक ठरते. बाहुली आकुंचित करणारे तंतू तंत्रिकेच्या पृष्ठभागावर असतात. मधुमेहात आतला गाभा रक्ताअभावी दुखावतो व बाहुली बहुधा शाबूत राहते. रोहिणीच्या (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीच्या) फुग्याचा दाब बाहेरून येतो, तेव्हा बाहुली मोठी होते आणि ती तातडीची वेळ असते. चौथी सर्वांत बारीक असून मेंदूच्या मागच्या बाजूने निघणारी एकमेव आहे. तिच्या दुबळेपणात खाली पाहताना एकाचे दोन दिसतात. रुग्ण सपाट रस्त्याने नीट चालतो, पण जोतिबाच्या पायऱ्या उतरताना चाचपडतो आणि मान दुसऱ्या खांद्याकडे कलती ठेवतो. सहावीला इजा झाल्यास डोळा बाहेर वळत नाही. कवटीतील दाब वाढला की ती लवकर बळी पडते. तिचा मार्ग लांब असल्याने असे होते, असे पुस्तकांतून सांगितले जाते. पण कवटीतील सर्वांत लांब मार्ग चौथीचा आहे. सहावी हाडाच्या कडेवरून तीव्र वळण घेते आणि तिथे अडकून ताणली जाते, हे स्पष्टीकरण अधिक पटते. क्षयरोगाच्या मस्तिष्कावरणशोथातही (मेंदूच्या आवरणाच्या सुजेतही) सहावीच वारंवार सापडते.

त्रिमूल तंत्रिकेची कळ विजेच्या झटक्यासारखी असते. दात घासताना, दाढी करताना किंवा गार वारा लागताच ती येते आणि काही सेकंदांत जाते. दुखणे दाढेचे समजून चांगल्या दाढा काढलेले रुग्ण दुर्मीळ नाहीत. बहुतेकांत रोहिणीचा एखादा वेढा तंत्रिकेच्या मुळाशी टेकलेला आढळतो. कार्बामाझेपीन हे पहिले औषध.

आनन तंत्रिका कानाच्या हाडातील अरुंद नळीतून सुमारे तीन सेंटिमीटर जाते. तिथे सूज आली तर तिला सरकायला जागा नसते. कोल्हापूर भागात ‘तोंडावरून वारं गेलं’ म्हणतात तो बेलचा विकार हाच. चार्ल्स बेलचे लेखन १८२१ चे. त्याआधी १७९८ मध्ये फ्रीडराइखने आणि कित्येक शतके आधी अल् राझीने तो वर्णिला होता, तरी नाव बेलचेच राहिले. मेंदूतील पक्षाघात व हा विकार यांतला भेद कपाळावर दिसतो. भुवया वर करायला सांगितल्यावर त्या बाजूला आठ्या पडल्या, तर दोष मेंदूत असण्याचा संभव जास्त, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून आज्ञा येते. आठ्या पडल्या नाहीत व डोळाही मिटेना, तर दोष तंत्रिकेत. कोल्हापूरच्या थोरल्या दवाखान्यात, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात (सीपीआर), रुग्णाला न्यायचे तर पहिल्या तीन दिवसांत. स्टेरॉइडचा फायदा तेव्हाच अधिक होतो. उघड्या राहणाऱ्या डोळ्याला थेंब व रात्री पट्टी लागते, नाहीतर बुबुळावर जखम होते. उपचाराविनाही सुमारे ७० टक्के रुग्ण पूर्ण बरे होतात. उरलेल्यांत तंतू वाढताना वाट चुकतात. लाळेकडे जाणारे तंतू अश्रुग्रंथीत शिरले की घास चावताना त्या एकाच डोळ्यातून पाणी गळते. झणझणीत रश्श्याने येते ते दोन्ही डोळ्यांना.

कुष्ठरोगात या तंत्रिकेच्या पापणीकडे जाणाऱ्या शाखा आणि त्रिमूल तंत्रिका यांना एकत्र बाधा होऊ शकते. डोळा मिटत नाही आणि बुबुळाला कचराही जाणवत नाही, म्हणून अंधत्व येते. शेंडा पार्कातील जुन्या कुष्ठवसाहतीमुळे हा प्रकार कोल्हापूर शहराला अपरिचित नाही.

आठवीच्या इजेत एका कानाने कमी ऐकू येते, कानात आवाज येतो, तोल जातो. तालमीतील पैलवानांचे चुरगळलेले कान हा निराळा प्रकार आहे. तो कूर्चेतील रक्तस्रावाचा परिणाम असतो आणि तंत्रिका सुखरूप राहते.

व्हेगसची आवाजाकडे जाणारी डावी शाखा छातीत महारोहिणीला वळसा घालून वर येते. त्यामुळे थायरॉइडच्या शस्त्रक्रियेप्रमाणेच फुप्फुसाच्या कर्करोगातही आवाज बसतो. कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांनी आवाज बिघडल्यावर नवी गायकी घडवली, अशी आख्यायिका आहे. तेवढ्यावरून तंत्रिकेच्या विकाराचे निदान करणे धाडसाचे ठरेल.

अकरावीला इजा बहुधा वैद्यकाच्या हातूनच होते. गंडमाळेतील गाठीचा तुकडा मानेच्या बाजूने काढताना ती कापली गेली, तर खांदा उतरतो आणि हात डोक्यावर नेता येत नाही. बारावीच्या इजेत बाहेर काढलेली जीभ दुबळ्या बाजूकडे वळते आणि कालांतराने तो अर्धा भाग सुकून सुरकुततो.