बटाट्यासारखं दिसतं, पण उगवत नाही

पहिला चांगला पाऊस झाला त्या रात्री रामबागेतल्या आमच्या गच्चीवरचा मातीचा गमला उभा चिरला. (कुंडी म्हणायला हवं, पण इंदूरच्या मराठी घरांत तिसऱ्या पिढीला गमलाच तोंडात येतो.) सकाळी आईने मांजरावर आळ घेतला. पण गमला पडला नव्हता, जागच्या जागीच फुटला होता. फटीतून बोटाच्या पेराएवढे पांढुरके, फुगीर कंद डोकावत होते. "अगं, याला तर बटाटे लागलेत!" असं म्हणत बाबांनी त्यातले सहा तोडून घेतले आणि कोपऱ्यातल्या वाफ्यात पुरले. नवी रोपं फुकटात येणार होती.

झाड होतं ॲस्पॅरॅगस फर्न. हिरवे झुपकेदार लोंबते फाटे, लांबून रेशमासारखे मऊ, हात घातला की ओरबाडणारे. आता या झाडाला नवं घर द्यायचं तर आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. याचा जवळजवळ प्रत्येक भाग दिसतो एक आणि असतो दुसराच.

नावापासूनच बघा. फर्नला म्हणजे नेच्याला फुलं येत नाहीत, त्याचा प्रसार बीजाणूंतून होतो. याला मात्र बारीक पांढरी फुलं येतात, मग लाल फळं आणि त्यांत काळं बी. हे मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं, आपल्या शतावरीच्याच प्रजातीतलं झाड. युरोपात खातात ती ॲस्पॅरॅगसची भाजीही याच घरातली. शतावरीला संस्कृतात शतमूली म्हणतात, त्या शंभर मुळ्यांचं कोडं आमच्या फुटक्या गमल्यात उलगडलं होतं.

ज्यांना आपण पानं समजतो त्या हिरव्या सुया म्हणजे खरं तर बदललेल्या फांद्या. अन्न तयार करण्याचं काम त्यांनी अंगावर घेतलंय. खरं पान म्हणजे दांडीला चिकटलेला सुक्या कागदासारखा इवलासा खवला, आणि दांडीवर त्याच्याच बुडाचा काटा होतो. काटे मागे वळलेले असतात, जंगलात शेजारच्या झुडपांना अडकून वर चढता यावं म्हणून. त्यामुळे हात आत सहज जातो आणि बाहेर काढताना सोलवटतो. बागकामाचे पातळ कापडी हातमोजे इथे कुचकामी. सगळे फाटे एकत्र धरून जुन्या चादरीत गुंडाळायचे आणि वर सुतळी बांधायची. एवढं केलं की निम्मं काम झालं.

आता कंद. बटाटा हे खोड आहे. त्याच्यावर डोळे असतात, म्हणजे कोंब फुटायच्या जागा. आमच्या गमल्यातले कंद म्हणजे फुगलेली मुळं. त्यांच्यावर डोळा नसतो, आत असतं मुख्यतः पाणी, कोरड्या महिन्यांसाठी भरून ठेवलेलं. कोंब फुटतात ते मातीच्या पृष्ठालगत, दांड्या जिथून निघतात त्या गाठीतून. गाठीशिवाय कंद म्हणजे बिनतोंडाचा रांजण. (रताळंही मूळच असतं आणि तरी त्याला कोंब येतात, हे खरं. ते जमणारी मुळं वेगळी.) तेव्हा झाडाचे दोन भाग करायचे असतील तर प्रत्येक भागात गाठीचा तुकडा आणि दोन-चार दांड्या यायलाच हव्यात. थोडे कंद तुटले तरी जीव घाबरा करायचं कारण नाही.

गमला फोडला कोणी? कोंडलेली मुळं वाढताना मोठा जोर लावतात. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुळांभोवती प्लास्टर ओतून हा जोर मोजला होता. तो साधारण 1 मेगापास्कलच्या घरात जातो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या चौपट. उन्हाळ्यात सुकलेले कंद पावसात पाणी पिऊन टरारले असणार. पण त्यांना एक साथीदार होता, आमचीच चूक. गमल्यात आम्ही मळ्यातली काळी माती भरली होती. माळव्याच्या त्या मातीतली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळली की भेगाळते. गव्हा-सोयाबीनला ती सोन्यासारखी, गमल्यात मात्र हवेची वाट बंद करते. म्हणून या वेळी काळी माती थोडीच घेतली, बाकी जाडी वाळू आणि मुरलेलं शेणखत.

मुळांचा गोळा गमल्याच्या आकाराचाच निघाला, भोवती वेटोळं घातलेली मुळं. असल्या गमल्यात वरून ओतलेलं पाणी कडेकडेने सरळ खाली निघून जातं, आतला गोळा कोरडाच राहतो. म्हणून काढण्याआधी गोळा तासभर बादलीत बुडवून ठेवलेला बरा. मग बाहेरची वेटोळी दोन-तीन ठिकाणी चाकूने उभी कापायची, नाहीतर नव्या घरातही मुळं जुन्याच गोलात फिरत राहतात.

मग घ्यायचाच मोठा गमला, असं वाटतं. 2012 साली 65 प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, त्यात कुंडीचं आकारमान दुप्पट केलं की झाडाची वाढ सरासरी 43 टक्क्यांनी जास्त दिसली. तरी एकदम बादलीएवढा गमला नकोच. ज्या मातीत मुळंच नाहीत तिथलं पाणी कोण पिणार? ती ओलीच राहते आणि कंद कुजतात. जुन्यापेक्षा दोन इंच रुंद पुरे. आणि तळाशी खडे घालायची आपली पिढीजात सवय सोडलेली चांगली. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोकळ्या थरात सहजी उतरत नाही, ते मातीतच अडून बसतं. खड्यांमुळे हा चिंब थर मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एक खापरी ठेवली की झालं.

गमला बदलला की बारीक मूळकेस तुटतात, पाणी कमी वर चढतं, मग सुया पिवळ्या पडून झडतात. आमच्याही झडल्या, आईने पंधरा दिवस मला बोल लावला. गमला जिन्याखालच्या सावलीत ठेवला होता, खत अजिबात नाही. तिसऱ्या आठवड्यात गाठीजवळून दोन कोंब वर आले, थेट त्या भाजीच्या ॲस्पॅरॅगससारखे, फक्त सुतळीएवढे बारीक.

उरलेला पसारा नाल्याकाठी फेकला नाही, त्यालाही कारण आहे. ऑस्ट्रेलियात पक्ष्यांनी याची फळं खाऊन बी पसरवलं आणि बागेतली ही शोभा तिथे उपद्रवी तण ठरली आहे.

बाबांनी परवा वाफा उकरला. सहाच्या सहा कंद होते तसेच होते, थोडे सुरकुतलेले, कोंब एकालाही नाही. आईने त्या जागी मेथी टाकली.